कोयता म्हणजे किती माणसे?

गेल्या वर्षी माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली. तिला ऊसतोड मजुरांच्या कामाच्या अनुभवांवर गुणात्मक संशोधन करायचे होते आणि त्याआधी माझा जुना प्रबंध पाहायचा होता. देण्यापूर्वी एकदा चाळावा म्हणून मी तो उघडला आणि तिसऱ्या प्रकरणातल्या पहिल्याच तक्त्यापाशी अडकलो. तक्त्याचे शीर्षक ‘मुलाखत दिलेले कामगार’. एकूण संख्या २४. खाली माझेच वाक्य: ‘प्रस्तुत अभ्यासात २४ कोयत्यांच्या सखोल मुलाखती घेण्यात आल्या.’

कोयता हे ऊस तोडायचे हत्यार, हे सर्वांना माहीत आहे. पण तोडणीच्या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, कारखान्याचा शेती विभाग टोळी मोजतो ती कोयत्यांवर. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे माझ्या तक्त्यातले २४ कामगार प्रत्यक्षात ४८ होते. पाचट गोळा करणारी, धाकट्याला सांभाळणारी, वाढ्याच्या पेंड्या बांधणारी पोरे वेगळीच. मुकादमाच्या वहीतले एकक मी जसेच्या तसे शास्त्रीय एकक म्हणून वापरले होते. मार्गदर्शकांना ते खटकले नाही, परीक्षकांना खटकले नाही, आणि मला तर इतकी वर्षे खटकले नव्हते.

तेव्हापासून मी हा प्रबंध परक्याचा असल्यासारखा वाचतो आहे. कादंबरीचे परीक्षण करताना आपण विचारतो की निवेदक कोण आहे, त्याला काय दिसते, काय दिसत नाही, पात्रांच्या तोंडी कोणाची भाषा आहे. मुलाखतींवर उभ्या राहिलेल्या संशोधनाला हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तिथे अवतरणचिन्हांत मजकूर आला की तो पुरावा मानला जातो. माझ्या मते तोही एक रचलेला मजकूर आहे आणि त्याची समीक्षा व्हायला हवी. दुसऱ्याच्या प्रबंधापासून सुरुवात करण्यापेक्षा स्वतःच्या प्रबंधापासून केलेली बरी.

२०११-१२ आणि २०१२-१३ या दोन गळीत हंगामांत मी हे काम केले. क्षेत्र सातारा जिल्ह्यातला कराड तालुका आणि सांगलीतला वाळवा, म्हणजे कृष्णाकाठ. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा. इथे सकाळी घराबाहेर पडले की कोणत्या ना कोणत्या कारखान्याची गाडी दिसतेच. दिवाळीच्या आगेमागे बीडच्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर भागातून, नगरच्या पाथर्डीकडून टोळ्या येतात. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या जत तालुक्यातूनही येतात. २०१२-१३ चे वर्ष दुष्काळाचे होते. माण, खटाव, जत, आटपाडीत जनावरांच्या छावण्या होत्या आणि त्याच वेळी कृष्णाकाठच्या फडात पाण्यावर वाढलेला ऊस तुटत होता. एका जिल्ह्यात राहून माणूस स्थलांतरित कसा असतो, हे पाहायला जतची टोळी वाळव्यात पाहावी.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ‘संशोधकाची भूमिका’ अशा मथळ्याखाली दोन परिच्छेद आहेत. त्यांत मी तटस्थता, विश्वाससंपादन, गोपनीयता यांबद्दल लिहिले आहे. एक गोष्ट लिहिलेली नाही. आमच्या घरी ऊस आहे. माझे वडील कारखान्याचे सभासद. ज्या टोळ्यांच्या मुलाखती मी घेतल्या त्यांतल्या एका टोळीने त्याच हंगामात आमचा ऊस तोडला होता. मी ‘साहेब’ म्हणून वही घेऊन जात होतो, पण त्यांच्या लेखी मी मालकाचा मुलगा होतो. त्या बायका माझ्या आईला ‘मालकीणबाई’ म्हणत आणि मला प्रश्न विचारू देत, कारण नाही म्हणायची सोय नव्हती.

याचा परिणाम उत्तरांवर झालेला आज स्पष्ट दिसतो. ‘शेतकऱ्यांशी संबंध’ या मुद्द्यावर माझ्या सर्व मुलाखती गोड आहेत. मालक चांगले, पाणी देतात, सणाला पोळी देतात. याउलट मुकादमाबद्दल तक्रारी भरपूर. त्यावरून मी निष्कर्ष काढला की शोषणाचे केंद्र मुकादम आहे. मुकादम शोषण करत नाही असे मला म्हणायचे नाही. पण माझ्यासमोर बसून दुसरे कोणाबद्दल बोलणार होते ते? खुशालीचा विषयही असाच. ऊस लवकर तुटावा म्हणून शेतकरी टोळीला वरकड पैसे देतो, गाडीच्या ड्रायव्हरला ‘एंट्री’ देतो. आमच्या भागात चहाच्या टपरीवर यावर रोज भांडण ऐकू येते. माझ्या प्रबंधात खुशाली हा शब्द एकदाही नाही. त्यांनी काढला नाही, कारण घेतात ते. मी काढला नाही, कारण देतो आम्ही.

आता आवाजाकडे येतो. मुलाखती मी ध्वनिमुद्रित केल्या होत्या आणि फिती नव्हे तरी फायली शाबूत आहेत. या पावसाळ्यात त्या पुन्हा ऐकल्या. बहुतेकांत प्रश्न विचारला की आधी नवरा बोलतो. काहींत पाठीमागून तिसरा आवाज येतो, तो मुकादमाचा किंवा त्याच्या भावाचा, ‘सांग की, लाजू नको’ असा. हा तिसरा आवाज मी लिप्यंतर करताना सरळ गाळला होता, व्यत्यय म्हणून. बायका बोलतात त्या मुख्यतः नवरा उठून गेल्यावर. एका फाईलमध्ये नवरा गाडी भरायला जातो, नंतर चारेक मिनिटे ती एकटी आहे, आणि मी तिला विचारतो, ‘तुमचे मालक किती वाजता येतील?’ हे ऐकताना मी फाईल बंद केली.

भाषेचेही तसेच. मराठवाड्यातला माणूस ‘कामून’ म्हणतो. मी सगळीकडे ‘का’ केले. आता या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे असे कोश सांगेल, पण ‘कामून काढावा खाडा?’ यात जी कुरकुर आहे ती ‘खाडा का काढावा?’ यात उरत नाही. तो नुसता प्रश्न होतो. खाडा म्हणजे गैरहजेरी आणि तिचा दंडही. माझ्या लिप्यंतरात ‘दंड’ आहे. खोपीचे मी ‘तात्पुरते निवासस्थान’ केले. हंगाम संपला याला साखर कारखान्यांच्या मुलखात ‘पट्टा पडला’ म्हणतात, तेही ‘हंगामसमाप्ती’ झाले. प्रबंधाची भाषा प्रमाण असावी ही अट होतीच, पण अट पाळण्याचा उत्साह माझा होता.

सर्वांत मोठे नुकसान मी ‘अंगावर’ या शब्दाचे केले. उचल अंगावर घेतात. हंगाम संपून हिशेब झाला आणि तोडणीची मजुरी उचलीपेक्षा कमी भरली की बाकी अंगावर राहते. ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते, आणि म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते. मुलाखतींत हा शब्द पावलोपावली येतो. मी त्याला ‘कर्जबाजारीपणा’ असे नाव देऊन एका कप्प्यात टाकले, आणि ‘आजारपण’, ‘बाळंतपण’, ‘कंबरदुखी’ यांना ‘आरोग्य’ नावाच्या दुसऱ्या कप्प्यात. गुणात्मक विश्लेषणाची हीच रीत आहे: मुलाखतीचे तुकडे करायचे, तुकड्यांना चिठ्ठ्या लावायच्या, सारख्या चिठ्ठ्यांचे तुकडे एकत्र करून प्रकरण लिहायचे. रीत चुकीची नाही. पण त्यांच्या बोलण्यात पैसा आणि शरीर एकाच शब्दात होते आणि माझ्या प्रकरणांत ते चाळीस पानांच्या अंतरावर गेले.

हे अंतर किती महाग आहे ते २०१९ मध्ये कळले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी त्या वर्षी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणांबद्दल वाद झाले. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून, असे एक; खासगी दवाखान्यांनी कॅन्सरची भीती घातली म्हणून, असे दुसरे; लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, फडात ना पाणी ना आडोसा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढणे, हे सगळे आहेच.

मी तर याच स्त्रियांमध्ये दोन हंगाम हिंडलो होतो. माझ्या प्रबंधात याची एक ओळ नाही. ‘मी पुरुष होतो, त्या कशा बोलतील’ हे स्पष्टीकरण मी काही दिवस स्वतःला देऊन पाहिले. ते अर्धेच खरे आहे. फायली ऐकताना दोन ठिकाणी ‘पिशवी’ हा शब्द सापडला. ‘पिशवी काढल्यापासून वाकवंना’ असे एक बाई स्पष्ट म्हणते. मी पुढचा प्रश्न विचारतो, रेशनकार्डाबद्दल. लिप्यंतरात ते वाक्य ‘प्रकृती अस्वास्थ्य’ म्हणून उतरले आहे. म्हणजे तिने सांगितले होते. मला गर्भाशयाची पिशवी कळली नव्हती, किंवा कळून पुढे जावेसे वाटले होते. आज यातले नेमके कोणते ते ठरवता येत नाही.

आकडेवारी कोरडी आणि मुलाखत ओलाव्याची, असे आमच्याकडे सरसकट बोलले जाते. इथे मात्र मोजणी करणाऱ्यांनी जे वर काढले ते माझ्या ‘सखोल’ मुलाखतीला सापडले नव्हते. मोजण्याची परंपरा आपल्या भागात जुनी आणि प्रामाणिक आहे. गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तक्त्यांना नाके मुरडण्याआधी तक्त्याचे एकक कोणी ठरवले एवढे पाहावे.

यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचे काम मी त्या काळात वाचले होते, संदर्भसूचीत मिरवलेही होते. दक्षिण गुजरातमध्ये १९६०च्या दशकापासून त्यांनी क्षेत्रकार्य केले. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांत खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांवरचा त्यांचा लेख १९७८ चा आहे. सहकारातून उभ्या राहिलेल्या कारखान्यात तोडणी करणारा मात्र सहकाराबाहेर कसा राहतो, हा त्यांचा मुद्दा आपल्याला लागू करताना मी फार जपून लिहिले होते. सहकाराबद्दल आमच्या घरात श्रद्धेने बोलतात आणि ती श्रद्धा पोकळ नाही. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याची पोरे त्यावर शिकली, त्यांतला एक मी. पण ब्रेमन एकाच मुलखात वर्षानुवर्षे परत परत जात राहिले, आणि मी पदवी मिळाल्यावर फडात गेलो नाही, हाही फरक पद्धतीचाच आहे. गुणात्मक संशोधनाची पुस्तके नमुना, प्रश्नावली, विश्लेषण यांवर प्रकरणे लिहितात. परत जाण्यावर क्वचितच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकांगी होईल. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत ऊसतोडीची बातमी येते ती बहुधा ‘मजूर पुरवतो सांगून वाहतूकदाराची लाखोंची फसवणूक’ अशी. त्या खोट्या नसतात. ट्रॅक्टरवाला तरुण कर्ज काढून मुकादमाला उचल देतो आणि टोळी येत नाही. कधी मुकादमाने तीच टोळी दोघांना विकलेली असते. पोलिसांत गुन्हा नोंदतो तो वाहतूकदार. जिल्ह्याच्या दप्तरात त्यामुळे मजूर दिसतो तो पळून गेलेला. अंगावरची बाकी फिटत नाही म्हणून परत यावे लागणाऱ्या मजुराचा कागद कुठेच तयार होत नाही, कारण त्याचा आणि कारखान्याचा कागदोपत्री संबंधच नसतो. करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा तोंडी. एफआरपीतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, म्हणजे मजुरी अखेर ऊसवाल्याच्या खिशातून जाते. पण तोही मालक नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला. पाटोद्याहून कराडला येणारा राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून त्याला तो लागू नव्हता. जतचा मजूर कर्नाटकात तोडायला गेला तर लागू होई. २०२० च्या टाळेबंदीत टोळ्या इकडे अडकल्या, तेव्हा त्यांना गावी पाठवण्यासाठी तपासण्या आणि याद्या करायची वेळ आली, आणि ते काम कारखान्यांकडेच आले. एरवी जे कारखान्याचे कोणीच नव्हते त्यांची नावे त्या उन्हाळ्यात कारखान्याच्या कागदावर आली.

ठराविक मालक नसलेल्या कामगारासाठी काही करताच येत नाही, असे मात्र नाही. त्याचे उदाहरण साताऱ्याच्याच माणसांचे आहे. पाटण, जावळीच्या डोंगरातून मुंबईच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहायला गेलेल्या माथाड्यांनाही मालक अनेक आणि नक्की कोणीच नाही, अशीच स्थिती होती. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक आणि हमाल यांच्यामध्ये मंडळ उभे राहिले. नोंदणी मंडळात, मजुरी मंडळामार्फत. ज्या जिल्ह्यातून गेलेल्यांनी हे मिळवले त्याच जिल्ह्यात येणाऱ्यांसाठी तशी रचना झाली नाही. ऊसतोड कामगारांच्या वाट्याला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आले, आणि दर काही वर्षांनी लवादाने ठरणारी दरवाढ. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के.

आणि संशोधन तरी ‘स्थलांतरित’ कोणाला म्हणते? विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले देशभर सोने-चांदी गाळायला गेले. दुष्काळाने बाहेर काढलेली हीही माणसे. पण त्यांच्यावर गौरवग्रंथ निघतात. भट्टीच्या धुरात, ॲसिडच्या वासात काढलेल्या उमेदवारीच्या वर्षांबद्दल त्यांना कोणी टेपरेकॉर्डर घेऊन विचारत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊंचे कुटुंब चालत मुंबईला गेले हे आपण अभिमानाने सांगतो. कारखान्याच्या तळावर उतरलेल्या टोळीला मात्र आपण ‘ऊसतोड्ये’ म्हणतो.

या जानेवारीत त्या विद्यार्थिनीबरोबर मी पुन्हा तळावर गेलो. जुनी माणसे सापडणे शक्य नव्हते. टोळ्या बदलतात, कारखाने बदलतात. मी प्रबंधातली काही अवतरणे, नावे-गावे नसलेली, कागदावर उतरवून नेली होती. संध्याकाळी चुली पेटल्यावर विद्यार्थिनीने ती बायकांना वाचून दाखवली. मी लांब, ट्रॉलीपाशी उभा. एक अवतरण असे होते: ‘आम्ही दरवर्षी मुकादमाकडून उचल घेतो व ती कामातून फेडतो.’ खाली माझी नोंद, ‘महिला कामगार, वय ३०’. भाकरी थापणारी एक मावशी म्हणाली, “हे बाईचं बोलणं न्हाई. उचल गडी घेत्यात. आमच्या निस्ती अंगावर असती.” मग तिने विद्यार्थिनीला विचारले, “तुमी लिवून घ्यायला किती येळ लावनार? मला रातच्या गाडीला जायचंय.”

वेळेचा हिशेब आम्ही परतताना गाडीत केला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो असे धरले आणि दिवस बारा तासांचा, तर तासाभराची मुलाखत म्हणजे नव्या दराने जोडीचे साठेक रुपये. माझ्या २४ मुलाखतींपैकी बऱ्याच दुपारी, फडात, काम थांबवून झाल्या होत्या. ते पैसे कोणाच्या अंगावर गेले ते प्रबंधात नाही. विद्यार्थिनीने आपल्या आराखड्यात तीन गोष्टी घातल्या: मुलाखत पाऊस किंवा गाडी नसलेल्या दिवशीच, नवरा आणि बायको वेगळे, आणि पट्टा पडल्यावर गावी जाऊन दुसरी भेट. मोबदल्याचे कलमही घातले होते; पैसे दिले की उत्तर विकत घेतल्यासारखे होते, अशी हरकत आली. उत्तर फुकट घेतल्याने ते शुद्ध कसे राहते हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही, पण कलम निघाले.

तिच्या तक्त्यात प्रत्येक कोयत्यासमोर दोन ओळी आहेत. पहिल्या सादरीकरणाला एका ज्येष्ठ परीक्षकांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारले, अठरा कोयते घेतले म्हणता, मग नमुना छत्तीसचा कसा झाला? तिने माझ्याकडे पाहिले. मी प्रबंधाची माझी जुनी प्रत पिशवीत आणली होती, ती काढून तिसऱ्या प्रकरणाचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवली.